अंकिता गेल्याचं कुणाला सांगू नका

अंकिताचा खून शनिवारी संध्याकाळी पाचगणीत झाला आणि रविवारी सकाळी ती उंब्रजला घरी आली.

तिचे सासरे सयाजीराव मागच्या दारी दात घासत होते. तोंडाला ओढणी गुंडाळलेली सून बॅग सांभाळत परड्यातून येताना दिसली, तसा त्यांनी ब्रश तोंडातून काढला.

"एवढ्यात आलीस?"

"मेले, मामा."

"पैल्याच भागात?"

"पैल्याच. चटणीत विष घातलं कुणीतरी."

"चटणी कुणी केलती?"

"मीच."

सयाजीरावांनी चूळ भरली. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या माणसाला यात बऱ्याच चुका दिसत होत्या. पण मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणून ते गप्प बसले.

प्रकार असा होता. ‘कोण गेलं?’ नावाची एक वेब मालिका पाचगणीच्या एका बंगल्यात तयार होत होती. मोबाईलवर नावारूपाला आलेली आठ माणसं एकत्र कोंडायची, त्यातल्या एकाला गुपचूप खुनी करायचं, त्यानं दर भागात एकाचा खोटा खून करायचा आणि उरलेल्यांनी खुनी शोधायचा. त्या आठांत मेकअप शिकवणारी एक होती, दंड फुगवून दाखवणारा एक होता, नुसताच हसणारा एक होता, आणि ‘उंब्रजची भाकरी’ म्हणून अंकिता होती.

‘उंब्रजची भाकरी’ लाखभर लोक बघत. बघत म्हणजे तिचे हात बघत. अंकितानं दोन वर्षांपूर्वी हे सुरू केलं तेव्हा सयाजीरावांनी एकच अट घातली होती. "भाकरी दाव. तोंड न्हाई दावायचं." त्यामुळे लोकांना तिच्या हिरव्या बांगड्या ओळखीच्या होत्या, डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग ओळखीचा होता, परातीतला थापटीचा आवाज तर पाठच होता, ती मात्र कुणालाच माहीत नव्हती. एकदा कराडच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या बाईनं अंकितालाच तिची रील दाखवली होती आणि म्हणाली होती, "बघा, याला म्हणत्यात हात. शिका जरा."

या मालिकेत पहिल्यांदाच तिचं तोंड दिसणार होतं. सयाजीराव त्याला कसे तयार झाले, हे शालूबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंनाही नीट कळलं नव्हतं. बहुतेक मालिकेवाल्यांनी फोनवर ‘संपूर्ण गुप्तता’ असे शब्द वापरले, त्याचा तो परिणाम असावा.

मेलेल्यांनी शूटिंग संपेपर्यंत महाबळेश्वरच्या एका हॉटेलात राहायचं असं ठरलं होतं. कोण मेलं हे बाहेर फुटू नये म्हणून. पण अंकिताचा राजवर्धन चार वर्षांचा, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे, आणि आजीचा कान त्याला पटत नव्हता. मरून पडल्या पडल्या अंकिताच्या डोक्यात तेच चाललं होतं. तिनं हट्ट धरला. तेव्हा मालिकेवाल्यांनी तिच्याकडून आणखी एक सही घेतली: मालिका लागेपर्यंत घराबाहेरच्या एकाही माणसाला ती बाद झाल्याचं कळता कामा नये. कळलं, तर तिचा सगळा भाग कापून टाकणार. मोबाईलही त्यांनी तोवर ठेवून घेतला.

"कापणार म्हंजी?" शालूबाईंनी विचारलं.

"म्हणजे मी त्यात नसणारच, आत्या. सातच माणसं होती म्हणून दाखवतील."

"मग तोंड?"

अंकितानं मान हलवली. ती तिथं कॅमेऱ्यापुढं बसून पोटभर बोलली होती. हसली होती. मरताना तिनं डोळे असे काही फिरवले होते की कॅमेरा धरणाऱ्यानं ‘वा’ म्हटलं होतं. ते एवढं तरी लोकांनी बघावं, जैसलमेरला ड्युटीवर असलेल्या नवऱ्यानं, शंभूराजनं बघावं, इतकंच तिचं म्हणणं होतं.

सयाजीरावांनी ताबडतोब सूत्रं हाती घेतली. "अंकिता आतल्या खोलीत. खिडकी बंद. पुढच्या दाराला कडी. शंभूराजला मी सांगतो." त्यांनी जैसलमेरला फोन लावला आणि म्हणाले, "पार्सल घरी पोचलंय. कुणाला बोलू नगंस." शंभूराज हवालदार होता. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

पहिली अडचण दुपारी आली. शेजारची पल्लवी गच्चीवरून म्हणाली, "काकी, दोरीवर गाऊन कुणाचा वो?"

शालूबाईंनी वर बघितलं. निळ्या फुलांचा गाऊन निवांत वाळत होता. "माजा."

"तुमी गाऊन घालताय?"

"उकडतंय."

"डिशेंबरात?"

"मीच आणलाय," सयाजीराव घरातून म्हणाले. "कँटीनमदनं."

पल्लवीनं गाऊन पुन्हा एकदा निरखून घेतला. तिनं शालूबाईंना उभ्या जन्मात लुगड्याशिवाय कशात पाहिलं नव्हतं, आणि सयाजीरावांनी बायकोसाठी काही आणल्याचंही ऐकलं नव्हतं.

दुसरी अडचण सोमवारी सकाळी. शालूबाईंचं मनगट धरलं होतं, म्हणून अंकितानं परात पुढं ओढली आणि पीठ मळून भाकरी थापायला घेतली. चार थापट्या पडल्या असतील, तोच सयाजीराव धावत आले. "थांब, थांब. आवाज."

खरंच होतं. तो आवाज लाखभर लोकांना पाठ होता. पल्लवीच्या मोबाईलची तर रिंगटोनच ती होती. उरलेली भाकरी शालूबाईंनी थापली. ती दगडावर वाकळ आपटल्यासारखी ऐकू आली.

तिसरी अडचण राजवर्धनची. आई आली म्हणून तो हरखला होता; त्याला काहीतरी सांगणं भाग होतं. अंकितानं त्याला मांडीवर घेतलं. "हे बघ राजा, आई खेळात मेलीय. लुटुपुटूचं. कुणाला सांगायचं नाही."

राजवर्धननं तिचा कान चाचपून बघितला. "मग भाकरी कोण करणार?"

"थोडे दिवस आजी."

मरणाचं त्याला विशेष वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

अंगणवाडीच्या बाईंनी सहज विचारलं, "आई कवा येणार रं पाचगणीस्नं?"

"आई मेलीया," राजवर्धन म्हणाला. "आता आजी भाकरी करती." आणि तो खरोखरचा, हुंदके देऊन रडायला लागला.

बाईंना पुढं विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी पोराला पोटाशी धरलं आणि सुट्टी झाल्यावर पल्लवीला गाठलं.

पल्लवी रहस्यकथा बघणारी होती. तिनं सगळं जुळवून बघितलं. पुढचं दार कालपासून बंद. सयाजीराव कुणाशी बोलत नाहीत. शालूबाईंचं डोकं फिरल्यासारखं, थंडीत सुनेचा गाऊन घालतायत. सकाळी थापटीचा आवाज आला आणि मधेच तुटला. बिचाऱ्या सुनेचा व्हिडिओ लावून बघत असतील, बघवलं नसेल. तिनं अंकिताला फोन लावला. बंद. एकही पुरावा विरुद्ध जात नव्हता.

हमरस्त्याच्या पुलाखाली गुंडा नावाच्या पोराचं फ्लेक्सचं दुकान होतं. अंकिता त्याला राखी बांधायची. पल्लवीनं त्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसूनच राहिला. मग उठून कामाला लागला, कारण फ्लेक्स करण्यापलीकडं दुसरं काही त्याला येत नव्हतं. श्रद्धांजलीचा साचा त्याच्याकडे कायम तयार असे, फक्त तोंड बदलायचं. पण अंकिताचं तोंड कुठं असणार? शोधता शोधता हळदीकुंकवाचा एक फोटो सापडला. त्यानं त्यातून ती कापून घेतली. खांद्यावर पल्लवीचं कोपर तेवढं राहिलं. वर ‘कै. सौ. अंकिता’, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली ‘शोकाकुल: समस्त भाकरीप्रेमी’. दुपारी तीनच्या आत ती दहा फुटी होऊन हायवेच्या कडेला उभी राहिली. आयुष्यात तिचं तोंड इतक्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं.

इकडं गल्लीतल्या बायका दुरडीत पिठलं-भाकरी घेऊन निघाल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यांनीच न्यायचा असतो. त्या मागच्या दारानं गुपचूप आल्या आणि सोप्यात सतरंजी ओढून बसल्या. आतल्या खोलीत अंकिता दाराला कान लावून उभी राहिली.

"काय गं, सगळ्या एकदम?" शालूबाई म्हणाल्या.

पल्लवीनं पदर डोळ्याला लावला. "काकी, किती दिस मनात ठिवणार वो?"

शालूबाईंनी आतल्या दाराकडं बघितलं. "कुणी सांगितलं?"

"पोरानं."

"कळलंच हाय तर आता काय लपवू," शालूबाई खाली बसल्या. "पण बाया, पाया पडती, भाईर बोलू नगा. तसं लिहूनच दिलंय आमी."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गल्लीतली सगळ्यात थोरली, हरिबाची म्हातारी पुढं सरकली. "आगं पर इधी कवा? का उरकलं समदं?"

"बावीस तारखेला दावणार हायती. मोबाईलवर."

"आता ह्ये बी मोबाईलवर?" म्हातारी म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"शालू," सयाजीराव दारातून म्हणाले, "नो कॉमेंट."

त्यांच्या तोंडचा तो शब्द ऐकला आणि बायकांचा बांध फुटला. एवढा कडक माणूस, दु:खानं इंग्रजी बोलायला लागला. एकीनं गळा काढला, तिच्यामागं सगळ्यांनी. अंकिता किती मायाळू होती, सणाला पोळ्या कशी लाटून द्यायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आत उभ्या असलेल्या अंकिताला हे सगळं नवीन होतं. जिवंतपणी तिला एवढंच ऐकू आलं होतं की ‘हिचं काय, हिला मोबाईलपुढं थापायचं असतं’. तिच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माजी मोठी परात नेलीती तिनं," पल्लवी हुंदके देत म्हणाली. "आता कुठली मागू. ऱ्हाऊ दे तिच्या नावानं."

अंकितानं फळीवर बघितलं. परात तिथंच होती. दिवाळीपासून होती. तिला फार ओशाळल्यासारखं झालं.

एवढ्यात राजवर्धन आतून बाहेर आला. "आई म्हणती, परात घिऊन जावा."

हरिबाच्या म्हातारीनं घट्ट डोळे मिटले.

"जाताना सांगून गेलीती," शालूबाई घाईनं म्हणाल्या. "ध्यानात ठिवलंय बाळानं."

"लेकरू गं ते," पल्लवी म्हणाली आणि तिनं मोबाईल काढला. "काकी, तिच्या म्हायेरी इट्याला तरी कळवलंय का? तुमच्यानं हुत न्हाई, मी करती फोन."

आता मात्र शालूबाई उठल्या. विट्याला अंकिताची आई रक्तदाबाची गोळी घेऊन जगत होती. एकीकडं ती, एकीकडं सुनेनं केलेली सही. दारामागून अंकिताच्या बांगड्या किणकिणल्या. तीही कडीला हात घालून बाहेर यायच्या बेतात होती. शालूबाईंनी पल्लवीच्या हातातला मोबाईल काढून घेतला, तो सतरंजीवर पालथा ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "कुणी कुणाला फोन करू नगा. अंकिता चांगली हाय. तिला कावळा शिवलावता."

बायकांचे पदर डोळ्यांवरून खाली आले.

"पाचगणीला जायच्या आदल्या दिशी. परड्यात भांडी घासत व्हती, डोस्क्यावर पाय देऊन गेला. आता मरणाचं एवढं अरिष्ट डोस्क्यावर घिऊन पोरीला परक्या ठिकाणी धाडायचं व्हय? म्हणून मीच पोराच्या तोंडनं ती मेल्याचा खोटा निरोप सोडला. कुणीतरी खरं रडल्याबिगर ते टळत न्हाई."

पल्लवीनं नाक पुसलं. "मग आदी सांगायचं की."

"आदी सांगितल्यावर तू रडली असतीस?"



"बराबर हाय तिचं," हरिबाची म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "माज्या थोरल्या दिराला शिवलावता. आमी त्येच्या सासुरवाडीला खोटी तार धाडली. ती माणसं ऊर बडवत आली, आन् दीर दारात तंबाकू मळत बसल्याला. नव्वद वरसं जगला मग. शेवटाला आमालाच कटाळा आला."

सगळं सरळ झालं. गाऊन, बंद दार, सयाजीरावांचं तोंड, सगळं एका कावळ्यात बसलं. थोडा राग आला, पण पिठलं गरम होतं आणि आता तो कडू घास नव्हता. बायकांनी तिथंच ताटल्या मांडल्या.

जेवणं चालू असताना दारात एक गाडी थांबली आणि सलवार-कमीज घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी उतरली. ती मदिहा. मालिकेतलं काही बाहेर फुटू नये एवढंच तिचं काम होतं. रविवारी सुट्टीला मिरजेला नानीकडे गेली होती, परत पाचगणीला जाताना उंब्रजच्या पुलाजवळ तिनं गाडी थांबवायला लावली होती.

"बस बाय," शालूबाई म्हणाल्या आणि कुणी काही विचारायच्या आत तिच्यापुढं ताटली ठेवली. इतक्या बायकांपुढं काय बोलावं हे मदिहाला सुचेना. ती पिठलं-भाकरी खात राहिली. शेवटची बाई परात घेऊन बाहेर पडल्यावर तिनं हात धुतले आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

"ताई, ‘कोण गेलं?’ हा आमचा प्रश्न हाय," ती अंकिताला म्हणाली. "आन् उत्तर तुमी हायवेवर लावलंय. दहा फुटी."

अंकिताला फ्लेक्सचं तेव्हाच कळलं. ती खाटेवर बसली. राजवर्धन येऊन तिच्या कानाला लोंबकळला. "कापणार ना मला?"

"मला तसं कळवावंच लागणार. मी कळवलं न्हाई तर माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात सयाजीरावांचा फोन वाजला. जैसलमेरहून होता. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो तिकडं पाठवला होता. शंभूराजचा आवाज बारीक झाला होता. "आबा, पार्सल बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. रडतंय जरा," सयाजीराव म्हणाले आणि त्यांनी फोन अंकिताच्या कानाला लावला. ती नुसती हुंकार देत राहिली. मदिहा भिंतीकडे बघत उभी राहिली.

"बाय, एक इचारू?" शालूबाई मदिहाला म्हणाल्या. "तुमचं गुपित कवा फुटतं? गावाला ती मेली आसं वाटल्यावर का?"

"व्हय मग."

"गावाला काय वाटतंय आता? ती ठणठणीत हाय आन् पाचगणीत खेळतीया. जा, कुणालाबी इचार. फ्लेक्स बघून कुणी आलं तर समदं गाव सांगल, कावळा शिवलावता म्हणून. एकडाव खोटं मेलेलं माणूस परत मेलं असंल, आसं कुणाच्या मनात तरी येईल का?"

मदिहानं थोडा विचार केला. तिच्या नानीनंही, मेहरुनबीनं, मामूला कावळा शिवला तेव्हा असलंच काहीतरी केल्याचं तिला आठवत होतं. ती अंगणात गेली आणि मुंबईला फोन लावून बराच वेळ बोलली. मधूनमधून एवढंच ऐकू येत होतं, "न्हाई सर, कावळा. क्रो. न्हाई, पाळलेला न्हाई."

परत आली तेव्हा ती दमली होती. "ठेवतायत तुमचा भाग. फ्लेक्स तेवढा काढा."

गुंडानं तो स्वत: काढून आणला. अंकिता पाचगणीत सुखरूप असल्याचं ऐकून त्याला इतका आनंद झाला होता की शब्द फुटेना. "कापड लय भारी हाय," एवढंच म्हणाला. "गोठ्यावर घाला, काका."

बावीस तारखेला सयाजीरावांच्या सोप्यात गल्ली जमली. अंकिता आता उघडपणे पुढं बसली होती, नवी साडी नेसून. गुंडानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. बंगला दिसला, धुकं दिसलं, दंड फुगवणारा दिसला, हसणारा हसला. मग स्वयंपाकघर आलं. परात, पीठ, हिरव्या बांगड्या. थापटीचा आवाज सुरू झाला; दोन-तीन बायकांनी पल्लवीच्या मोबाईलकडे बघितलं. एक बोट चटणीत बुडालं आणि वर गेलं. कॅमेरा हातांवरच राहिला. हात थरथरले, पिठात पडले, आवाज थांबला. वर अक्षरं आली, ‘पहिला बळी’. आणि लगेच मेकअपवालीची किंकाळी.

"हात वळखला बग मी," पल्लवी म्हणाली.

अंकिता पडद्याकडे बघत होती. बोलण्याचे, हसण्याचे, डोळे फिरवण्याचे सगळे तुकडे गेले होते. पुढं कुठंतरी असतील म्हणून ती भाग संपेपर्यंत थांबली. नव्हते.

"तोंड कुटं हाय?"

सगळ्यांनी मागं बघितलं. सयाजीराव उभे होते.

"आमच्या सुनंचं तोंड कुटं हाय? त्या दंडवाल्याचं दोन्हीकडनं दावलं. हिचं का दावलं न्हाई?"

"आवं, तुमीच तर…" शालूबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

सकाळी अंकिता नेहमीसारखी परड्यात चुलीपुढं भाकरी करायला बसली. सयाजीराव आले, तिच्या हातातला मोबाईल त्यांनी घेतला, दोन पावलं मागं सरकले आणि बंदूक धरावी तसा तो दोन्ही हातांनी धरला.

"मामा, हातावर धरा. भाकरी दिसली पाहिजे."

"भाकरी बघितलीया लोकांनी. मान वर कर."

तिनं मान वर केली. गालाला पीठ लागलं होतं. राजवर्धन मधेच येऊन तिच्या कानाला लोंबकळला, तेही त्यात आलं. सयाजीरावांचा श्वासही आला. तसंच तिनं ते मोबाईलवर टाकलं.

मागं गोठा होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गोठ्यावर घातलेल्या कापडाचा वरचा कोपरा खाली लोंबत होता, आणि अंकिताच्या डोक्यावर, स्वच्छ उन्हात, ‘कै. सौ.’ एवढीच अक्षरं दिसत होती.

दुपारपर्यंत लाखभर लोकांनी तिचं तोंड बघितलं. कुणी लिहिलं, किती गोड होती. कुणी लिहिलं, त्या लेकराकडं बघवत नाही. अंकितानं ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "आत्या, जिवंत आहे म्हणून लिहू का खाली?"

शालूबाई राजवर्धनला भाकरीचा पापुद्रा भरवत होत्या. "कशाला," त्या म्हणाल्या. "रडू दे की. तुजंच आयुष्य वाढतंय."